रश्मी, आईला सांग

"रश्मी, आईला विचार, ताक आहे का," उदय म्हणाला, आणि भाताचा घास त्याच्या हातातच राहिला.

समोरची खुर्ची रिकामी होती. म्हणजे ती सप्टेंबरपासूनच रिकामी होती. रश्मी साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत गेली तेव्हापासून त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे नाहीतर रविवारचा पेपर बसायचा. पण त्या जानेवारीच्या संध्याकाळी, लीड्समधल्या त्या नीटनेटक्या, सेंट्रल हीटिंगनं ऊबदार घरात ती खुर्ची पहिल्यांदा खरोखर रिकामी झाली. सुनीतीनं वर पाहिलं नाही. ती उठली, फ्रिजमधून ताकाचं भांडं काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि परत येऊन बसली. उदयनं ताक ओतून घेतलं. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. मालक पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता आणि गाडी खोकल्यासारखं करून गप्प बसत होती. झालं ते एवढंच. कुणाला सांगायला गेलं असतं तर समोरचा हसलाच असता: नवरा जुन्या सवयीनं मुलीचं नाव घेऊन बसला, त्यात काय एवढं? सुनीतीलाही आधी हसूच येणार होतं. ते घशापर्यंत आलं आणि तिथं त्याचं काहीतरी दुसरंच झालं. तिला वाटलं, उद्या मी मेले तर हा माणूस मला हाक तरी कुणाकडून मारवणार?

तसं पाहिलं तर दोघांत भांडण नव्हतं. एका जुन्या अबोल्याचं ते उरलंसुरलं होतं. अबोला ही काही सुनीतीला परकी गोष्ट नव्हती. पुण्याला तिच्या माहेरी आई वर्षातून दोनतीनदा अबोला धरायची. मग "बाबांना सांग, पान वाढलंय" आणि "आईला सांग, येतोय" असे निरोप घेऊन पोरं ओटीवरून स्वयंपाकघरात पळायची, आणि एक दिवस वडील बाकरवडीचा पुडा आणून मुकाट्यानं ओट्यावर ठेवायचे की मिटलं. अबोल्याला रीत असते. एकानं धरायचा, दुसऱ्यानं सोडवायचा, आणि मधल्या निरोप्यांना खाऊ मिळायचा. ह्यांचा अबोला मात्र कुणी धरला हेच धड ठरलं नाही. उदयचे वडील गेल्याची तार आली तेव्हा रश्मी तीन वर्षांची होती. त्यानंतर थोड्या दिवसांनी उदय जेवताना म्हणाला, आपण परत जाऊ या, कायमचं. आई तिथं एकटी आहे. सुनीतीला हॉस्पिटलच्या रक्ताच्या लॅबमध्ये नुकतीच कायमची नोकरी मिळाली होती. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी नाही येणार." रागानं नाही, शांतपणे म्हणाली, रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. उदय ताट घेऊन उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "रश्मी, आईला सांग, बाबांना आज उशीर होईल." आणि ते एवढंसं पोर वळून गंभीर चेहऱ्यानं म्हणालं, "आई, बाबाना आज उशील." दोघंही हसली. एकमेकांकडे बघून नाही, पोरीकडे बघून. घात झाला तो तिथं. निरोप्या इतका गोड होता की अबोला सोडवायची कुणालाच घाई राहिली नाही.

पुढे तो अबोला कधीतरी विरलाही असणार. दिवाळीत म्हणा, रश्मीला कांजिण्या आल्या तेव्हा म्हणा. लोकांसमोर दोघं चांगली बोलायची. हॉस्पिटलातल्या मराठी डॉक्टरांच्या जेवणावळींत उदय तिच्या मासवड्यांचं कौतुक करायचा, पण तेसुद्धा दुसऱ्याकडे बघून: "सुनीतीच्या हातची खाऊन बघा." घरात सोय तेवढी राहिली. रश्मी मोठी झाली, शाळेच्या स्कर्टातून जीन्समध्ये गेली, तिचं मराठी खुरटत गेलं आणि इंग्लिश लांबरुंद होत गेलं, पण निरोप ती बिनबोभाट पोचवत राहिली, घरातला दिवा लावावा तशी. ती साउथहॅम्प्टनला गेल्यावर तर नामी युक्ती निघाली. रविवारी तिचा फोन यायचा. सुनीती म्हणायची, "बाबांना सांग, बॉयलरवाला मंगळवारी येतोय," आणि रिसीव्हर शेजारी उभ्या असलेल्या उदयच्या हातात द्यायची. मग बॉयलरवाला मंगळवारी येतोय ही बातमी इंग्लंडच्या दक्षिण टोकाला जाऊन परत त्याच हॉलमध्ये यायची. आठवड्याचे बाकीचे दिवस वाक्यं हवेत सोडायची. "कचऱ्याची गाडी उद्या वाटतं." "थंडी वाढलीय." हवेतलं वाक्य ज्यानं उचललं त्याचं.

उदय माणसं झोपवायचा. ॲनस्थेटिस्ट होता, मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट. बरी बोलती माणसं ह्याच्याकडे येतात आणि गप्प होतात, असं एक मित्र थट्टेनं म्हणायचा, आणि सुनीतीला ती थट्टा वाटायची नाही. लग्नानंतर दोघं लीड्सला आली तेव्हा हा माणूस किती बोलायचा, हे तिच्याखेरीज आता कुणाला माहीत होतं? हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधली ती दोन खोल्यांची जागा, खिडकीला आतून धरलेलं बर्फ, दोघांवर मिळून एक पुण्याची गोधडी आणि तिच्यावर त्याचा ओव्हरकोट. त्याची परीक्षा होती. ती जाड पुस्तक छातीवर धरून प्रश्न विचारायची आणि तो गोधडीत तोंड खुपसून उत्तरं द्यायचा. उत्तर चुकलं की बाहेर राहिलेला तिचा गार पाय त्याच्या पोटरीला लावायचा, ही शिक्षा. तो मुद्दाम चुकायचा. ते पाय, ती पोटरी, तो "अगं मेलो" असा दबका ओरडा, हे सगळं कुठं गेलं असेल? गोष्टी संपत नाहीत, घरातच कुठंतरी वर ठेवलेल्या असतात, अशी तिची कल्पना होती. पण ताकाच्या त्या संध्याकाळनंतर ह्या घराला वर काही जागा तरी आहे का, ह्याचीच तिला शंका येऊ लागली.

आणि तिच्याजवळ सांगण्यासारखं होतं. डिसेंबरात रश्मीला भेटून येते म्हणून ती साउथहॅम्प्टनला गेली होती ते नुसतं रश्मीला भेटायला नव्हे. तिथल्या हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत मुख्य जागा निघाली होती. तिनं मुलाखत दिली, आणि जागा तिला मिळाली. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. लॅबमध्ये इतकी वर्षं ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली होती. मुख्य म्हणून आपलं नाव दारावर लागेल ह्याचं तिला मनापासून अप्रूप वाटत होतं. पण ते एकच कारण होतं असं तिला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं. जायचं ते ह्या घरातून, हे दुसरं. लीड्सपासून साउथहॅम्प्टन म्हणजे काही रोज जाण्यायेण्याचं अंतर नाही. हे उदयला सांगायला हवं होतं, आणि सांगायचं म्हटलं की तिच्या जिभेला एकच वळण ठाऊक होतं. "बाबांना तू सांग," ती रश्मीला म्हणाली होती. "वीकएंडला भेटू तेव्हा. हळूच, वेळ बघून."

त्या सोमवारच्या आधीचा हा वीकएंड रश्मीनंच ठरवला होता. संध्याकाळी कॅफेत काम करून साठवलेल्या पैशांतून आईबाबांना नाताळची भेट: वेअरडेलच्या वरच्या टोकाला डोंगरातली एक जुनी इन, तिघांची एक खोली, आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग. डोंगरावरून घसरत यायचं नाही, सपाटीवरून चालत जायचं, आई, वॉकिंग विथ लाँग फीट, असं तिनं समजावलं होतं. शुक्रवारी दुपारी तिला स्टेशनवरून घ्यायचं होतं. शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला.

"आई, मी नाही येत आहे."

"ट्रेन नाहीये का? बर्फामुळे?"

"ट्रेन आहे. मी नाही येत. ऑन पर्पज." मग तिकडून एक लांब श्वास. "तू बाबाला सांग ना. साउथहॅम्प्टनचं. माझा तोंडाने नाही, तुझा तोंडाने."

"तुझ्या तोंडाने," सुनीती सवयीनं म्हणाली.

"नो, आई. तुझा. युवर्स. आय वॉज थ्री व्हेन यू टू स्टार्टेड धिस. मला आता नाही करायचं आहे." रश्मीचा आवाज चिडका नव्हता, रडका होता, आणि ते जास्त वाईट होतं. "पोस्टमनला पण सुट्टी असतो."

"मग आता बाबांना काय सांगू?"

"दॅट आय'म नॉट कमिंग. स्टार्ट विथ दॅट."

उदय बाहेर गाडीत सामान भरत होता. सुनीती दारात जाऊन उभी राहिली आणि उघड्या डिकीला म्हणाली, "रश्मी येत नाहीये." उदयच्या हातात गमबुटांच्या तीन जोड्या होत्या. त्यानं रश्मीची जोडी बाजूला ठेवली, जरा वेळ त्या बुटांकडे पाहिलं आणि जोडी परत डिकीत ठेवली. "असू दे," तो म्हणाला. बुटांना म्हणाला की तिला, ते कळलं नाही. जायचं रद्द करू या, असं दोघांपैकी कुणीतरी म्हणायला हवं होतं. पण त्यासाठीसुद्धा बोलावं लागलं असतं, म्हणून दोघं निघाली. वाटभर रेडिओवर आखातातल्या युद्धाच्या बातम्या चालू होत्या. डरहम मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ हटवणाऱ्या गाडीनं सारलेल्या बर्फाच्या भिंती सुरू झाल्या आणि आभाळ खाली आलं. उदयनं रेडिओ बंद केला. वायपर एक मिनिट कुरकुरला आणि मग त्यालाही सवय झाली.

इनची मालकीण डोरीन साठीची, लालबुंद गालांची बाई होती आणि सगळ्यांना लाडानं पेट म्हणायची. कम इन, पेट. माइंड द स्टेप, पेट. आणि मग दोघांच्या मागे पाहून, व्हेअर'ज द लिटल लास? रश्मी एकोणीस वर्षांची आहे आणि यायची नाही, हे उदयनं तिला अदबीनं सांगितलं. डोरीन हळहळली. वरच्या खोलीत मोठ्या पलंगाशेजारी तिनं एक छोटी कॉट मांडून ठेवली होती, फुलाफुलांच्या चादरीची, आणि आत गरम पाण्याची रबरी पिशवीसुद्धा घालून ठेवली होती. सुनीतीनं चादरीखाली हात घातला. तिथं माणूस असावं तशी ऊब होती. त्या कॉटवर बघता बघता डोरीनचा म्हातारा कुत्रा, टॉस, चढून बसला. मेंढ्या राखून निवृत्त झालेला, एक कान फाटका, आणि चेहऱ्यावर सगळं ऐकून घेतल्याचा भाव. ती दोघं पलंगाच्या दोन कडांवर पाठीला पाठ करून बसली, बूट काढत. डोरीननं चहाचा ट्रे आणून ठेवला. सुनीती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिच्या मागून उदय मराठीत म्हणाला, "टॉसराव, बाईंना सांगा, चहा गार होतोय."

टॉसनं खरोखरच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सुनीतीला हसू फुटलं. आवरेना इतकं फुटलं. तिनं पदरासाठी हात वर नेला आणि अंगात स्वेटर आहे हे लक्षात येऊन बाहीच तोंडात धरली. उदयही हसत होता, तिला पाठीवाटे पलंगाच्या हलण्यावरून कळत होतं. कितीतरी वर्षांत एवढा पलंग हलला नव्हता, असा चावट विचारही तिच्या मनात येऊन गेला. आणि मग चहाचा पहिला घोट घेताना तिला एकदम एकटं वाटलं. ह्याला इथंसुद्धा कुणीतरी सापडलंच. ह्या माणसाला वाळवंटात नेऊन सोडलं तर हा उंटाला म्हणेल, बाईंना सांग, पाणी आहे का. रात्री ती डोळे मिटून पडून राहिली. हल्ली ती अशीच पडायची, लांब लांब श्वास घेत, झोपल्यासारखी. म्हणजे शेजारच्याला त्रास नको. बाजूच्या कॉटवर टॉस मात्र सुखानं घोरत होता.

सकाळी ऊन पडलं होतं आणि आवारातलं बर्फ डोळ्यांत जात होतं. डोरीननं दोघांना लांबोडके लाकडी स्की दिले, बुटांच्या पुढच्या टोकाला अडकणारे, टाच मोकळी सोडणारे, आणि दोन दोन काठ्या. सुनीतीनं रश्मीची शाळेतली जुनी ट्रॅकसूटची पँट घातली होती. उदयनं पुण्याहून आलेली तपकिरी माकडटोपी काढून डोक्यावर चढवली तेव्हा तिनं मान फिरवली. ह्या टोपीवरून रश्मी त्याला रडवेपर्यंत छळायची. मागच्या शेतात डोरीननं त्यांना चालून दाखवलं, पडायचं कसं ते दाखवलं, आणि म्हणाली की पडणं येतंच सगळ्यांना, उठणं शिकायचं असतं. उदय लगेच पडला. उताणा पडला, स्की आभाळात, झुरळ उलटं व्हावं तसा, आणि अत्यंत शांतपणे पडून राहिला, जणू कुणीतरी येऊन नाडी बघेल. सुनीती त्याला हात द्यायला वाकली आणि तीही आडवी झाली. डोरीननं दोघांना उभं केलं, अंगावरचं बर्फ झटकलं, आणि वाट दाखवली: शिशाच्या खाणींच्या काळातला जुना रेल्वेचा सपाट बांध, रूळ केव्हाच काढून नेलेले, हळूहळू चढत वरच्या उघड्या माळावर जातो. काल कुणीतरी गेलंय, चाकोऱ्या पडल्यात, त्यांतून जा म्हणजे झालं. टॉस दुसऱ्या फाटकापर्यंत येईल. पलीकडच्या मेंढ्या दुसऱ्याच्या, ती त्याची हद्द नव्हे. तो तिथून परत फिरतो.

बर्फात दोन समांतर चाकोऱ्या गेल्या होत्या. उदय पुढे, सुनीती मागे, आणि दोघांच्या बाजूनं टॉस, पोटापर्यंत बर्फात बुडत पण तोऱ्यात. आधी नुसती धडपड झाली. मग हळूहळू पायांना काहीतरी उमगलं. एक पाय सरकायचा, त्यावर भार टाकायचा, की दुसरा आपोआप पुढे येतो. स्कीखाली बर्फ बारीक करकरत होतं. डावीकडे दगडांची गडगी भिंत बर्फातून अर्धीमुर्धी वर आलेली, उजवीकडे खाली दरीत धुराचा एक धागा, आणि बाकी काही नाही. इतकी शांतता सुनीतीनं कधी ऐकली नव्हती. लॅबमध्ये फ्रिज गुणगुणायचे, घरात बॉयलर, रस्त्यावर गाड्या. इथं ऐकू येत होता तो फक्त तिचाच श्वास, लाजिरवाणा मोठा, म्हशीसारखा. पुढं माकडटोपी एका लयीत डुलत होती. मधूनमधून उदय टॉसला काहीतरी म्हणायचा. "टॉसराव, सांगा, इथं जरा निसरडं आहे." "टॉसराव, विचारा, दमल्या का." सुनीती टॉसला म्हणायची, "नाही म्हणावं." आणि बरं चाललं होतं. इतकं बरं चाललं होतं की तिला वाटलं, हे असंच चालू राहील, सोमवार येईल, मी हो म्हणून कळवीन, आणि ह्याला ते कळेल बॅगा दारात आल्यावर.

दुसरं फाटक आलं. अर्धं बर्फात गाडलेलं, एक बाजू वाकलेली. उदय त्यातून आडवा होऊन गेला, सुनीती गेली, आणि टॉस थांबला. फाटकाशी उभा राहून त्यानं दोघांकडे पाहिलं, शेपूट एकदा हलवली, आणि वळून आल्या वाटेनं निघून गेला. उदय त्याच्याकडे बघत राहिला. सुनीतीही बघत राहिली. काळा ठिपका खाली खाली गेला आणि बांधाच्या वळणावर दिसेनासा झाला. मग उदय पुन्हा चालू लागला, आणि ती त्याच्या मागे.

आता कुणी नव्हतं. तिला वाटलं, आत्ता नाही तर नाहीच. वाटलं, खाली जाऊन सांगू, चहा पिताना, डोरीन असेल, टॉस असेल. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती दिवस? तिनं काठ्या बर्फात रोवल्या आणि ती थांबली.

"मला नोकरी मिळालीय," ती माकडटोपीला म्हणाली. "साउथहॅम्प्टनला. ब्लड बँकेची हेड म्हणून. सोमवारी कळवायचंय."

टोपी थांबली. स्की घालून मागं वळणं ही सोपी गोष्ट नाही. ते डोरीननं शिकवलंही नव्हतं. उदयनं आधी एक पाय उचलून थोडा वळवला, मग दुसरा त्याच्याजवळ आणला, मग पुन्हा पहिला. घड्याळाचा काटा सरकावा तसा तो टप्प्याटप्प्यानं फिरत होता. मध्येच स्की एकमेकांवर चढले, तो डगमगला, काठीवर सावरला आणि पुन्हा पाय उचलला. सुनीतीला वाटलं, ह्यानं मान वळवली असती तरी भागलं असतं. पण तो पूर्ण फिरला. तिच्याकडे तोंड करून उभा राहिला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फाचे कण होते आणि चष्मा वाफेनं पांढरा झाला होता. त्यानं तो काढला.

"म्हणजे हे होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू झोपत नाहीस. नाताळपासून. डोळे मिटतेस आणि लांब लांब श्वास घेतेस. झोपलेलं माणूस इतक्या शिस्तीत श्वास घेत नाही गं. माझा धंदाच आहे तो." त्यानं चष्मा बाहीला पुसला, तो जास्तच ओला झाला. "मला वाटलं, तुला काहीतरी झालंय. रक्ताच्या लॅबमधली बाई. स्वतःचंच तपासून बसली असेल आणि सांगत नसेल. रोज रात्री मी..."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"रश्मीला विचारलं. आईला विचार, बरं आहे ना म्हणून." तो बर्फाकडे बघत म्हणाला. "तिनं फोन ठेवला."

कधी विचारलं हे त्यानं सांगितलं नाही आणि तिला विचारायची गरजही वाटली नाही. तिच्या डोळ्यांसमोर साउथहॅम्प्टनच्या हॉस्टेलचा तो कॉरिडॉर आला, भिंतीवरचा फोन, आणि त्याला टेकून उभी असलेली पोरगी, ह्या कानात आईचा निरोप, त्या कानात बाबांचा. पोस्टमनला पण सुट्टी असतो. तिला पोरीला तिथल्या तिथं जवळ घ्यावंसं वाटलं.

"घे ती नोकरी," उदय म्हणाला.

"एवढंच?" तिचा आवाज चढला, आणि त्या मोकळ्या माळावर तो तिलाच केवढा तरी वाटला. "इतक्या वर्षांनी तोंड उघडलंत ते एवढं म्हणायला? जा म्हणून?"

"मग काय म्हणू? तेव्हा तू म्हणालीस, मी नाही येणार, म्हणून मी राहिलो. आता तू म्हणतेस, जाते. मी नको म्हणू?"

"तुम्ही राहिलात ते..." तिला पुढचं जुळवता येईना. तो राहिला ते कन्सल्टंटच्या जागेसाठी, असं ती धरून चालली होती. रश्मीच्या शाळेसाठी. त्याची आई नको म्हणाली म्हणून. किती कारणं तिनं त्याच्या वतीनं शोधून ठेवली होती आणि एकेक करून त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. "ते माझ्यासाठी?"

"नाहीतर काय लीड्सच्या हवेसाठी?"

"कधी सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो." त्यानं चष्मा परत डोळ्यांवर ठेवला, तो लगेच पुन्हा पांढरा झाला आणि त्यामागून तो म्हणाला, "पण रश्मीला ते पेललं नसतं. तीन वर्षांची होती."

सुनीती रडली. लपवायला पदरही नव्हता, बाहीही नव्हती. दोन्ही हातांत काठ्या होत्या आणि त्या सोडल्या असत्या तर ती पडली असती. म्हणून ती उभ्या उभ्या, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी रडली आणि नाकातलं पाणी ओठांवर येऊन गार झालं. उदयला पुढे येऊन तिला धरायचं होतं. तो तसा आलाही, पण त्याच्या स्कीची टोकं तिच्या स्कीच्या टोकांना येऊन भिडली आणि त्याहून जवळ येता येईना. दोघं तशीच उभी राहिली, चार फळ्यांच्या अंतरावर. मग त्यानं आपली काठी लांब करून तिच्या बुटावर हलकेच टेकवली. काठीचं टोक गार होतं का ऊन, हे बुटातून तिला कळणं शक्य नव्हतं, तरी तिची पोटरी शहारली.

"मी येऊ का तिकडं?" त्यानं विचारलं. "तिथंही माणसं झोपवावी लागतच असतील."

"मला विचारताय?"

"दुसरं कोण आहे इथं?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. खरंच पाहिलं. भिंत, फाटक, बर्फ. तिला हो म्हणायचं होतं, आणि इतक्या लगेच म्हणायचं नव्हतं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं काही लगेच तोंडाला लावू नये, आधी वास घेऊन बघावा.

"आधी फोन करा," ती म्हणाली. "मी गेल्यावर. मलाच करा, रश्मीला नाही. मग विचारा."

"फोनवर काय बोलायचं?"

"जेवलीस का विचारायचं."

"आणि तू काय सांगणार?"

"ते तेव्हा सांगीन."

उदय हसला. मग त्याला पुन्हा पुढच्या दिशेनं वळायचं होतं. त्यानं एक पाय उचलला, विचार केला आणि परत ठेवला. "तू पुढं हो," तो म्हणाला, आणि चाकोरीतून बाजूच्या मऊ बर्फात उतरला, गुडघ्यापर्यंत रुतला. सुनीती त्याच्या अंगाला घासून पुढं गेली. त्याच्या कोटाला नॅप्थलीनचा वास होता, ट्रंकेतला, क्वार्टर्समधल्या त्या ओव्हरकोटाला यायचा तसलाच. पुढं वाऱ्यानं चाकोऱ्या बुजवून टाकल्या होत्या. कालचं माणूस बहुतेक इथूनच परतलं होतं. तिनं कोऱ्या बर्फात स्की टाकला, तो थोडा खचला आणि धरला, मग दुसरा. मागून उदय चाकोरीत परत चढल्याचं तिनं ऐकलं, त्याच्या स्कीची करकर ऐकली, आणि त्याचा श्वास. तो नीट येत नव्हता. अडकत होता, घाईनं आत जात होता, तुटत तुटत बाहेर पडत होता. पूर्वीची सुनीती असती तर तिनं त्याचा आपल्या मनानं काहीतरी अर्थ लावला असता आणि संध्याकाळी डोरीनकडून गरम पाणी मागवलं असतं. पण श्वासावरून ओळखायचा धंदा तिचा नव्हता. ती थांबली. एक पाय उचलून थोडा वळवला, मग दुसरा त्याच्याजवळ आणला, मग पुन्हा पहिला. फिरायला वेळ लागला, पण ती पूर्ण फिरली.

"अहो," तिनं विचारलं, "रडताय का दमलाय?"

उदय काठ्यांवर रेलला.

"दोन्ही," तो म्हणाला. "थोडं थांबशील?"